सोनटेंभ्याची बस

कल्पिताचा तो टी-शर्ट माझ्याकडे आला तेव्हा इतका ढगळ होता की त्यात ती आणि तिची आई दोघी आरामात मावल्या असत्या. निळा रंग, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'आपली बस, आपलं मत'. दोन्ही बाजूंनी आत घ्या, बाह्या उचला, पण अक्षरांना कात्री लागता कामा नये, असं तिनं मला निघता निघता पुन्हा पुन्हा बजावलं. शिवणकामात माझे केस पिकले आणि ही कालची पोर मला कात्री कुठं लावायची ते शिकवत होती. पण पहिल्या नोकरीचं अप्रूप असतं, म्हणून मी ऐकून घेतलं.

नोकरी कसली, तर शहराच्या बससेवेचा नवा आराखडा व्हायचा होता. कुठल्या गावाला बस हवी, थांबा कुठं हवा, हे साहेबलोकांनी ऑफिसात बसून ठरवण्याऐवजी लोकांनाच विचारावं, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं. त्यासाठी त्या त्या भागातली शिकलेली पोरंपोरी पगारावर घेतली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. आमच्या बाजूला आमची कल्पिता आणि तिच्या जोडीला डोंबिवलीचा अपूर्व नावाचा एक मुलगा. त्या दोघांच्या वर सान्वी मॅडम.

मी टेलरबाई. माहेर संगमेश्वरकडचं, सासर डोंबिवलीचं. नवरा गेल्यावर डोंबिवलीचं भाडं झेपेना म्हणून उंबरखारला आले ती इथलीच झाले. काळुराम भोईरच्या चाळीत पुढच्या खोलीत माझं मशीन, मागच्या खोलीत माझा संसार. ब्लाऊजचं माप देताना बाई खोटं बोलत नाही, हा माझा अनुभव आहे. हात वर करून उभी राहिली की मनातलं सगळं बाहेर येतं. त्यामुळे या गावातलं मला फारसं काही ठाऊक नाही असं नाही.

उंबरखार म्हणजे कल्याण-शीळ रस्त्यावरून आत, फाट्यापासून चांगलं घाम निघेपर्यंत चालायचं. आगरी लोकांचं जुनं गाव. एकेकाळी इथं भात आणि मीठ पिकायचं, आता भाडोत्री पिकतात. शेतं बिल्डरांना गेली, उरलेल्या जागेत चाळी उठल्या आणि प्रत्येक दारापुढं गाडी आली. काळुरामशेठची पांढरी आहे. रोज पहाटे शेठ स्वतः धुतात, पण ती हळद, लग्न किंवा एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस असला तरच गेटाबाहेर पडते. चालवणारा थोरला ऋतुराज. तो दुपारपर्यंत अंथरुणात असतो, त्यामुळे घरातल्या बायकांना ती गाडी देव्हाऱ्यातल्या देवासारखी आहे. हात जोडायचे, बसायचं नाही.

आणि याच घरातली शकू, काळुरामशेठची बायको, कल्पिताची आई, उजाडायच्या आत मागच्या दारानं टोपली घेऊन निघते. खाडीच्या बाजूला एक पट्टी विकायची राहून गेलीय. त्यात ती मुळा, माठ, वाल, भेंडी करते. डोंबिवलीला स्टेशनबाहेर विकते आणि शेठ जेवायला बसायच्या आत घरी येऊन भाकरी थापते. मंजुळा, गोदूबाई, गावातल्या निम्म्या घरांतल्या बायका असंच करतात. कल्पिताचं कॉलेज याच टोपलीतून झालं, आणि माझ्या अंदाजानं त्या पांढऱ्या गाडीचं पेट्रोलही कधीकधी.

हे सगळ्या गावाला माहीत आहे आणि कुणालाही माहीत नाही. बाजारात दिसलेली बाई गावात बोलून दाखवायची नाही, हा उंबरखारचा कायदा. जमीनमालकाची बायको मुळे विकते म्हटलं तर घराण्याचं नाक जातं. पुरुषांचं नाक शाबूत राहावं म्हणून बायकांनी पाय झिजवायचे. शकू तर त्यातही जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव आजवर तिच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. हळदीकुंकवाला उखाण्यासाठी मागं लागलं तरी पदर तोंडावर घेऊन पळते. माझ्याकडे ब्लाऊज टाकताना पिशवीवर नाव काय लिहू विचारलं, तर म्हणते, "ऋतूचे आयसचा, लिव."

तर कल्पिता टॅब घेऊन आधी गावात फिरली. ओटीवर पुरुष बसलेला. तोच बोलणार. "आमचे गावान बस कशाला गो? गारी हाय ना दारान." मागच्या दारातून त्या घरची बाई चहा घेऊन येणार, कल्पिताकडे बघून हसणार, कप ठेवून आत जाणार. त्या बाईच्या टाचांच्या भेगा कल्पिताला पाठ होत्या, पण तिनं पुरुष बोलले तेच टिपलं. आम्ही भाडोत्री तर घरमालकाच्या चेहऱ्याकडे बघून उत्तरं देणारे. शेठनी विचारलं, "काय, तुमाना पायजे का बस?" की शेजारचा लगेच म्हणायचा, "नाही हो शेठ, चालतो की आम्ही." मी एकटीनं सांगितलं, हवी, आजच्या आज हवी. पण एका टेलरबाईसाठी कुणी बस सोडत नसतं.

पुढचं मला मंजुळानं सांगितलं. हात वर करून उभी होती, दंडाचं माप चाललं होतं.

डोंबिवली स्टेशनबाहेरच्या थांब्यावर उंबरखारच्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परतीच्या बसची वाट बघत फुटपाथवर बसल्या होत्या. शीळफाट्याकडं जाणारी बस धरायची आणि आपल्या फाट्यावर उतरून चालत जायचं, हा रोजचा शिरस्ता. एवढ्यात कल्पिता आणि अपूर्व थांब्यावर आले, रांगेतल्या एकेकाला विचारू लागले. रांगेच्या तोंडाशीच शकू. अपूर्व म्हणाला, "तू या मावशींपासून सुरू कर, मी लिहून घेतो." आणि तो टॅब घेऊन कल्पिताच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

आता हे सांगायला हवं की कल्पितानं अपूर्वला घरचं काय सांगितलं होतं. आमची जमीन आहे, चाळी आहेत, आई घरीच असते, तिला बागकामाची आवड आहे. बागकामाची आवड! हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं आणि लगोलग रागही आला.

कल्पिता आईसमोर उभी. आईच्या लुगड्याला चिखल, नखांत माती, कपाळावर टोपलीच्या चुंबळीचा वळ. आणि शेजारी इस्त्रीच्या शर्टातला अपूर्व, बोट टॅबवर टेकवून. कल्पिता म्हणाली,

"मावशी, तुमचं गाव कुठलं?"

शकूनं मान वर केली. पोरीकडं बघितलं, पोराकडं बघितलं. मंजुळा म्हणते, एका श्वासात तिला सगळं कळलं.

"सोनटेंभा," शकू म्हणाली.

सोनटेंभा तिचं माहेर. उंबरखारच्या पलीकडे, शेताच्या बांधावरून चालत गेलं की लागतं. तिथून ती पंचवीसेक वर्षांपूर्वी नवरी होऊन आली. मग कल्पितानं विचारलं, बस कुठून हवी, किती वाजता हवी, सोबत सामान असतं का. शकूनं सगळ्याची नीट उत्तरं दिली, बाहेरच्या माणसाला देतात तशी. शेवटी हात जोडून म्हणाली, "तुमचा चांगला होवो, ताई."

"आपले पोटचे पोरीला ताई बोलली ती," मंजुळा मला म्हणाली. आधी हसत सांगत होती, इथं येऊन तिचं हसू थांबलं.

रांगेत दुसरा नंबर मंजुळाचा. तिचं माहेर तिकडं आंबिवलीला. पण शकू बोलली ती पूर्व दिशा. शकूबाय सोनटेंभा सांगते म्हणजे त्यात काहीतरी बेत असणार, शिवाय कल्पीच्या टॅबमधून गोष्ट गावकीपर्यंत गेली तर उद्या घरात महाभारत. म्हणून तीही म्हणाली सोनटेंभा. गोदूबाई सोनटेंभा. तिच्या मागची सोनटेंभा. उंबरखारच्या साऱ्या सुना त्या दुपारी एका गावच्या लेकी झाल्या. अपूर्व हरखून गेला. "बापरे, या गावाला किती गरज आहे बघ!" कल्पितानं मान हलवली. त्यातल्या प्रत्येकीच्या मांडीवर ती लहानपणी खेळलेली होती.

त्या दिवशी घरी काय झालं ते मला पुढं कल्पितानंच सांगितलं. काहीच झालं नाही. आईनं भात वाढला, माशाची मधली तुकडी नेहमीसारखी हिच्या ताटात टाकली आणि विचारलं, "उन्हान फिरून डोका दुखत नाय ना?" "काकू, तिनं मला दोन थोबाडीत दिल्या असत्या ना, तर मी रडून मोकळी झाले असते," कल्पिता मला म्हणाली. "ती टोपली बघून मला तिची लाज वाटली. आणि ती म्हणते डोकं दुखत नाही ना."

मी म्हटलं, मग जा आणि दुरुस्त कर. चुकलं असेल ते सांग. पण दुरुस्त करायचं म्हणजे अपूर्वला सांगायचं, की ज्या बाईला मी मावशी म्हटलं ती माझी आई. उद्या सांगते, परवा सांगते, असं करत तिनं दिवस काढले. टी-शर्ट अंगावर चढवताना रडायची आणि डोळे पुसून कामाला जायची. माझा स्वभाव वाईट. मी एकदा तोंडावर बोलले, "अगं, लोकांचं मत गोळा करतेस ना? मग आपल्या आईचं मत तेवढं कसं गं सांडलं?" तिनं खाली मान घातली. उलट बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

आणि मग कच्चा आराखडा आला. बस सोनटेंभ्याला! सकाळी भाजीच्या वेळेला, दुपारी परतीच्या वेळेला, टोपल्या ठेवायला मागं जागा. सगळं शकूनं सांगितलं होतं तसंच. उंबरखारच्या वाट्याला फक्त तो फाट्यावरचा जुना थांबा. सान्वी मॅडम गावोगाव सभा घेणार होत्या. उंबरखारची सभा शेवटची. तिथं कुणी बदल सांगितला तर विचार होणार, नाही तर आराखडा पक्का.

सभा देवळाच्या सभामंडपात. पुढच्या खुर्च्यांवर गावकी, मधोमध काळुरामशेठ, गळ्यातली साखळी शर्टाच्या बाहेर काढून. आम्ही भाडोत्री कडेला. बायका रिवाजाप्रमाणे मागं खांबांपाशी उभ्या. पडद्यावर नकाशा लावला आणि तो समजावून सांगायला मॅडमनी कल्पितालाच उभं केलं, गावची मुलगी म्हणून. शेठची छाती फुगली.

कल्पितानं बोलायला सुरुवात केली. सोनटेंभ्यातून सर्वांत जास्त मागणी आली, म्हणाली. उंबरखारमधून... आणि तिथं थांबली.

"उंबरखारमधून मागनी नाय, बोल ना!" शेठ खुर्चीतून म्हणाले. "आमाना गरजच नाय." पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

कल्पितानं टॅब टेबलावर ठेवला. तिचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढं सरकावं लागलं. "मॅडम, माझ्याकडून चूक झाली आहे. त्या दिवशी थांब्यावर ज्या बायका भेटल्या, त्या सोनटेंभ्याच्या नाहीत. त्या सगळ्या या गावच्या आहेत. रोज भाजी विकायला जातात. त्यातली पहिली बाई माझी आई होती. मी तिला ओळख दिली नाही, म्हणून तिनं दुसरं गाव सांगितलं."

अपूर्व तिच्याकडे बघतच राहिला. काळुरामशेठनी मागं वळून बघितलं नाही, पण त्यांची मान लाल झालेली मला दिसत होती. सान्वी मॅडम चांगल्या बाई. त्या रागावल्या नाहीत. हळू म्हणाल्या, "ठीक आहे. आई इथं आहेत ना? त्यांनी स्वतः सांगितलं तर आपल्याला बदल करता येईल."

सगळ्या माना मागं वळल्या. शकू तिसऱ्या खांबाला टेकून उभी. मला वाटलं, आता बोल बाई. आयुष्यात एकदा बोल.

"कनचा थांबा?" शकू म्हणाली. "मना काय ठावं नाय, मॅडम. मी घरानच असतं. माझे पोरीला कामाचा ताप झायलाय, ती कायपन बोलतंय."

मॅडमनी मंजुळाकडे बघितलं. मंजुळानं शकूकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. गोदूबाईनं हलवली. सगळ्यांनी हलवली.

"बगा!" शेठ उठून उभे राहिले. "पोर हाय, चुकली. लिवा म्होरं."

कल्पिता खाली बसली. पोरीला लेक मानलं होतं मी, पण त्या क्षणी तिच्याकडे बघवेना म्हणून मी पडद्यावरच्या नकाशाकडे बघत राहिले. 'आई घरीच असते' या ज्या शब्दांनी तिनं आईला परकं केलं होतं, तेच न ऐकताही आईच्या तोंडी आले होते, आणि तेही तिच्याच भल्यासाठी. मला त्या शकूचा इतका राग आला होता की दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा मी मशीन थांबवलंच नाही. तीच बोलली. "तिचे सायबाम्होरं तिची आयस टोपलीवाली कशाला दिसाला पायजे? आनि तिचा बापूस समोर बसलेला. घराची अब्रू जायाची." जरा थांबून म्हणाली, "टेलरबाय, आपल्याला पायी चालाची सवय हाय. तिची नोकरी नवीन हाय."

नोकरी सहा महिन्यांची होती, ती संपली. अपूर्वला पुढं ठेवून घेतलं, कल्पिताला कुणी बोलावलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. टी-शर्ट धुऊन, घडी करून माझ्याकडे आणून दिला. म्हणाली, "काकू, याच्या पिशव्या शिवा. मला बघवत नाही." मी ठेवून दिला. बापाशी बोलणं तिनं कामापुरतं ठेवलं. आईसोबत बाजारात येते म्हणाली, तर शकूनं उडवून लावलं, "शिकलीस ती भाजी विकाला?"

बस सुरू झाली. प्रायोगिक, असं पाटीवर होतं. डोंबिवली स्टेशन ते सोनटेंभा. आता उंबरखारच्या बायका फाट्याकडे न जाता बांधावरून सोनटेंभ्याला जातात आणि तिथून बस धरतात. सासरच्या गावात जी मिळाली नाही ती शकूच्या माहेरात जाऊन घ्यायची. मीही धागे-अस्तर आणायला त्याच बसनं जाते. बांध निसरडा आहे. मागच्या महिन्यात गोदूबाई टोपलीसकट भातखाचरात गेली. हसलो आम्ही, पण ती लंगडतेय अजून.

परवा सकाळी मी बांधावर पोचले तर पुढं बायकांची ओळ, आणि शकूच्या डोक्यावर टोपलीच नाही. टोपली कल्पिताच्या डोक्यावर. ती मागच्या दारानं निघाली नव्हती. मंजुळा सांगत होती, पुढच्या गेटातून, गाडी धुणाऱ्या बापासमोरून निघाली. शेठच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला म्हणे. शकू तिच्या मागून "दे गो, दे" करत चालत होती आणि पोर काही देत नव्हती.

सोनटेंभ्याच्या थांब्यावर पोचलो तर निळा टी-शर्ट घातलेला अपूर्व उभा. प्रायोगिक बस लोकांना कशी वाटते ते विचारायला आला होता. त्यानं आम्हाला येताना बघितलं. टोपलीखालची कल्पिता बघितली. टॅब उघडला आणि नेमानं रांगेच्या पहिल्या माणसाकडे गेला. पहिली पुन्हा शकूच.

"मावशी, तुमचं गाव कुठलं?"

कल्पिताच्या टोपलीत आदल्या रात्री भिजवलेला माठ होता. त्याचं पाणी तिच्या कपाळावरून नाकावर ओघळत होतं, आणि दोन्ही हात टोपलीला असल्यामुळे पुसता येत नव्हतं. शकूनं सवयीनं आधी तिच्याकडेच बघितलं, आता काय सांगू असं. कल्पितानं नजर खाली वळवली. मग शकूनं पदराच्या टोकानं तिचं कपाळ पुसलं, नाक पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं, आणि अपूर्वकडे वळली.

"माहेर हितला," ती म्हणाली. "पन मी ऱ्हातं उंबरखारला. ही माझी पोर. आनि मी काळुराम भोईरची बायको."

बायकांच्या ओळीत कुणी तरी श्वास आत ओढला. नवऱ्याचं नाव घेऊन शकूचा चेहरा लाल झाला होता. अपूर्वनं बोट टॅबवर नेलं आणि विचारलं, "उंबरखार लिहू ना? नक्की?"

"लिव," शकू म्हणाली. "आनि हिचेपन लिव, उंबरखार."

कल्पिता रडायला लागली. मी म्हटलं टोपली तरी खाली ठेव. तिनं ठेवली नाही. बस येईपर्यंत ती तशीच उभी होती, आणि आईकडे बघायचं धाडस तिला तेव्हाही होत नव्हतं.